लाल हातांच्या सरबताची बखर

॥ श्री ॥ ज्या माउलीने कडू औषधामागून साखर चाटविण्याची युक्ती समस्त आयांस शिकविली तीस नमन करोन, आणि वैशाखातील उन्हास दुरूनच हात जोडोन, हकीकत लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख वद्य तृतीया, गुरुवार, ते दिवशी समुद्रकाठच्या एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे जाहले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही, आणि घातले असेल तर चवीपुरते मीठ.

सदरहू राज्य दुसऱ्या मजल्यावर, खोल्या तीन, पूर्वेस सज्जा, आणि जिन्यापलीकडे शेजारच्या सरोजवहिनींचे राज्य, दोहोंचे दरवाजे दिवसभर उघडे, त्यामुळे एकीकडची फोडणी दुसरीकडे शिंकविते ऐसा सलोखा. गादीवर थोरल्या बाईसाहेब कुमुदिनीबाई, वय अडुसष्ट, हुकूम त्यांचा. चिरंजीव पुष्करराव, सकाळी नऊला बँकेच्या चाकरीस कूच करोन सायंकाळी परत येणारे. आणि सून गार्गीबाई, देशावरून लग्न होवोन आलेल्या, सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी मिळविलेल्या, आणि त्या विद्येमुळे जे शत्रू इतरांस दिसत नाहीत त्यांच्या फौजा गार्गीबाईंस ओट्यावर, नळावर, भाजीच्या पिशवीवर, पाहुण्यांच्या बोटांवर तळ देवोन बसलेल्या दिसत. म्हणोन राज्यात पाणी वीस मिनिटे उकळल्याविना कोणी पीत नसे, आणि कुमुदिनीबाई म्हणत, "हिच्या पाण्याला उकळून उकळून कंटाळा आला असेल गो." या गादीची वारस एकच, रेवाराजे, वय अडीच वर्षे, वजन साडेअकरा किलो, स्वभाव करारी.

तर त्या रेवाराजांस तीन दिवस ज्वर आला, आणि चौथे दिवशी ज्वर उतरला, आणि राज्यात हायसे वाटले न वाटले तोच नवे संकट उभे राहिले, की रेवाराजांनी पिण्याचे सर्व पदार्थ बंद केले. भाताचे दोन घास घेत, बिस्कीट हाती धरून हिंडत, परंतु पातळ म्हणोन जे जे, ते ओठांशी आले की दातांचा दरवाजा बंद. राजवैद्य डॉक्टर केळुसकर यांजकडे बुधवारी सायंकाळी नेले, आणि त्यांनी जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरोन सोडली, आणि म्हणाले, "घाबरू नका, पण पाणी पोटात जायलाच हवं. पेज द्या, ताक द्या, घरचं सरबत द्या, काय वाटेल ते द्या. उद्या सहापर्यंत चार-पाच वेळा शू झाली तर ठीक, नाहीतर घेऊन या, सलाईन लावू." हे शब्द ऐकोन गार्गीबाईंनी पोरीचे मनगट पाहिले, की एवढासा हात, त्यात सुई कोठे शिरावी, आणि पट्टी बांधोन पोर कॉटवर कशी निजावी. तेव्हापासोन त्यांनी दुसरे काही मनात आणिले नाही. लंगोट तेवढे तपासावे, ओठ तेवढे पाहावे, आणि घड्याळाकडे.

गुरुवारी उजाडताच मोहिमा निघाल्या. पहिली मोहीम साध्या पाण्याची, चोचीच्या पेल्यातून, ती परतली. दुसरी शहाळ्याची, नळीच्या पेल्यातून, ती अंथरुणावर सांडली. तिसरी लिंबाच्या सरबताची, चौथी कलिंगडाच्या रसाची, आणि प्रत्येक मोहिमेचा थाट ऐसा की पेला घेवोन गार्गीबाई पुढे, मागे कुमुदिनीबाई, आणि पुष्करराव बूट घालता घालता एका पायावर उभे, आणि तिघांचा एकच जयजयकार, "अरे व्वा! काय आलंय बघ! गोड गोड! कोण पिणार? बाबा पितात हं सगळं!" आणि पुष्करराव पेल्यास ओठ लावोन डोळे मिटत आणि म्हणत, "आहाहा!" आणि रेवाराजे हे सोंग बारकाईने पाहत, आणि शेवटी निवाडा देत, "औशद आहे." "नाही ग बाळा, सरबत आहे." "औशद." आणि तोंड उशीत.

"चमच्याने दे गो," कुमुदिनीबाई बोलिल्या. "दिलं आई, थुंकली." "बोटानं चाटव." "चावली." "मग राहू दे जरा, तहान लागली की मागेल." गार्गीबाईंनी पेला ओट्यावर ठेविला आणि लंगोट तपासावयास वळल्या. सकाळी सहाला एक लंगोट जेमतेम ओला, आणि दहा वाजले तरी दुसरा कोरडा ठणठणीत. गार्गीबाईंनी तो नाकाशी नेला, प्रकाशात धरिला, पुनः घडी केला, आणि ही तपासणी किती वेळा जाहली ते कोणी मोजले नाही.

ऐशा समयी, संकटास अधिक शोभा यावी म्हणोन की काय, कुमुदिनीबाईंच्या माहेराहून रिक्षातून एक हारा, म्हणजे बांबूची मोठी टोपली, आला, आणि हाऱ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची ओली फळे, लालजर्द, हातास मऊ लागतील ऐशी पिकलेली. आणि रातांब्याचा स्वभाव ऐसा की पिकल्यावर तो कोणाच्या घरी आजारी आहे काय हे विचारीत नाही, आजच्या आज चिरला तर अमृत कोकम, उद्यावर ठेविला तर चिलटांची जत्रा. कुमुदिनीबाईंनी पदर खोचिला आणि सरोजवहिनींस हाक दिली, आणि सरोजवहिनी विळी घेवोन, जिना ओलांडोन दाखल जाहल्या, आणि दिवाणखान्यात जुनी चादर अंथरोन फौज बसली. गार्गीबाई म्हणाल्या, "आई, आज? हिचं असं असताना?" तर कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तिच्याकडे टक लावून बसलीस म्हणून ती प्यायची आहे का? बस इथं. ती पण दिसेल आणि कामही होईल."

गार्गीबाई बसल्या, परंतु विद्येस जागोन. महामारीच्या सालातील डॉक्टरी हातमोजे एका डब्यात शिल्लक होते ते काढिले आणि हाती चढविले. सरोजवहिनी पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "कोणाचं ऑपरेशन गो?" "अहो वहिनी, आईच म्हणतात ना की पाण्याचा थेंब लागला तर बरणीला बुरशी येते? मग घामाचा हात तरी कशाला?" "हो बाई, आमच्या हातांनी आजवर बुरशीच खाल्ली," सरोजवहिनी म्हणाल्या आणि खो खो हसल्या. कुमुदिनीबाईंनी मात्र, "घालू दे बापडीला, कोरडं असलं म्हणजे झालं," ऐसा कौल दिला.

मग काम चालिले ते ऐसे. फळे धुवोन, फडक्याने एकेक कोरडे पुसोन, मधोमध चिरावी, आतील बिया पांढऱ्या गरासकट निराळ्या पातेल्यात काढाव्या, आणि सालीच्या ज्या लाल वाट्या उरल्या त्यांत काठोकाठ साखर भरावी, आणि काचेच्या बरणीत एकीवर एक ऐशा रचाव्या, आणि तोंडास पातळ फडके बांधोन बरणी उन्हात ठेवावी. चूल नाही, पाणी नाही, आठ दिवसांत साखर विरघळोन आपोआप लाल पाक होतो, आणि तो दोन चमचे, पेलाभर गार पाणी, चिमूट मीठ आणि जिरेपूड, की सरबत. गार्गीबाईंनी हे प्यायले होते, परंतु होताना पाहिले नव्हते. त्यांनी एक वाटी साखरेने भरोन बाजूस ठेविली आणि काही वेळाने पाहिले तो काय, साखरेची कड ओली, गुलाबी, आणि तळाशी थेंब. कोणी पिळले नाही, कोणी तापविले नाही. चिंतेच्या त्या घडीतही त्यांच्या विद्येने मान वर काढिली आणि त्या म्हणाल्या, "आई, हे का होतं माहितेय? बाहेर साखर दाट, सालीच्या आत पाणी. मग आतलं पाणी पेशीच्या पडद्यातून बाहेर येतं." कुमुदिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे साखर पाणी ओढते." "हो." "मग मी पन्नास वर्षं दुसरं काय सांगतेय?" सरोजवहिनी म्हणाल्या, "तुम्ही पडदा नव्हतात सांगत." आणि पुनः हसू.

गार्गीबाईही हसल्या, आणि हसता हसता नजर रेवाराजांवर गेली, की ओठ सुकोन पापुद्रे आलेले, आणि चादरीच्या कडेस बसोन रिकामी टोपली फरशीवर घरंगळवीत आहेत. आणि मनात आले की फळाच्या पोटातून पाणी काढावयास मूठभर साखर पुरते, आणि लेकीच्या पोटात पाणी घालावयास तीन माणसे, चार पेले आणि एक वैद्य पुरत नाहीत, यात आपले काही तरी चुकते आहे, परंतु काय ते कळेना.

अकरा वाजता अर्धा हारा संपला आणि कुमुदिनीबाईंनी विळी आडवी केली आणि म्हणाल्या, "आता बियांचं पाणी." हा त्यांच्या माहेरचा रिवाज. पाक तर आठ दिवसांनी व्हावयाचा, तोवर चिरणारांनी कोरड्या घशाने का बसावे, म्हणोन बियांस चिकटलेला गर पाण्यात कोळावा, बिया गाळोन टाकाव्या, साखर मीठ घालावे, आणि ते फिकट गुलाबी आंबटगोड पाणी तेथल्या तेथे प्यावे. वर्षातून याच दिवशी होणारे, साठवणीचे नव्हे. गार्गीबाईंनी एवढेच म्हटले, "आई, उकळलेलं पाणी घ्या हं," आणि कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तुझंच घेते, कंटाळलेलं." मग पातेल्यात कोळले, चाळणीने गाळिले, स्टीलच्या वाट्या मांडल्या, आणि सरोजवहिनींनी दोन्ही तळहात पुढे केले. तळहात मनगटापर्यंत लाल. कुमुदिनीबाईंनी ते उलटसुलट पाहिले, जैसे किल्ल्याच्या दरवाजावरील चौकीदार परवाना पाहतो, आणि वाटी भरोन दिली. सरोजवहिनी एका दमात प्याल्या.

मग गार्गीबाईंनी हात पुढे केला. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "हात दाखव." गार्गीबाईंनी हातमोजे उतरविले. तळहात पांढरेफटक, वरोन घामाने सुरकुतलेले. "हे कसले हात? नाही मिळायचं." "आई, मी सकाळपासून चिरतेय!" "चिरलं मोज्यांनी. मोज्यांना देऊ?" "अहो, चव तरी बघू दे, कशी लागते ते." "चव हातांनी कमवायची गो. आमच्या अण्णांनी, माझ्या वडलांनी, रिवाज घातलाय. चिरायच्या वेळी परसात पसार आणि पाण्याच्या वेळी रांगेत पहिली, अशा भाचरांसाठी. ज्याचे हात लाल त्यालाच. मला स्वतःला एका वर्षी मिळालं नव्हतं." गार्गीबाई गाल फुगवोन बसल्या, खोटे अर्धे आणि खरे अर्धे, आणि सरोजवहिनींनी मुद्दाम जिभेचा चटकारा मारिला.

आणि ते समयी टोपलीचा आवाज बंद जाहला. गार्गीबाईंनी तिरक्या नजरेने पाहिले, मान न वळविता, कारण मान वळली की पोर बिथरते हे त्यांस ठाऊक होते. रेवाराजे उभे राहिले होते. वाटीकडे पाहत होते, मग आईकडे, मग पुनः वाटीकडे, कपाळास आठी. आणि त्या क्षणी गार्गीबाईंच्या ध्यानात आले, की गेल्या चार दिवसांत या लेकराने जे जे पेय पाहिले ते वाजत गाजत आले, आणि जे जे वाजत गाजत आले ते पहिले तीन दिवस कडू निघाले. औषधाच्या प्रत्येक चमच्यास आपणच गोड गोड म्हटले आणि टाळ्या आपणच पिटल्या. आईला मागूनही मिळत नाही ऐसे पेय लेकराने आजवर पाहिलेच नव्हते.

रेवाराजे चालत आले, आणि चिरलेल्या सालींचे जे मोठे ताट होते त्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले, आणि कालविले, आणि बाहेर काढिले तो रस बोटांवरोन, झबल्यावरोन, चादरीवरोन निथळत, आणि एक बोट नाकात गेले आणि बाहेर आले. गार्गीबाईंच्या कुशीस ओल्या रुमालांचे पाकीट सदैव असे, त्याजवर त्यांचा हात विजेसारखा गेला, झाकण उघडले, रुमाल अर्धा बाहेर आला, आणि फौजांवर फौजा दिसू लागल्या, फरशीवरील, टोपलीवरील, नाकातील. "पुसून घेऊ दे, मग..." ऐसे शब्द ओठांपर्यंत आले. सरोजवहिनी हळूच बोलिल्या, "गार्गी, पुसलंस की हात पांढरे." गार्गीबाईंचा हात अधांतरी राहिला. एकीकडे चार बोटांवरील जंतू, दुसरीकडे सायंकाळची सुई. त्यांनी रुमाल परत कोंबिला, झाकण लाविले, आणि पाकीट मांडीखाली घेवोन त्यावर बसल्या, की पुनः हात जाऊ नये.

"आजी, माजे हात." कुमुदिनीबाईंनी चष्मा नाकावर सरकविला. चेहरा कडक. "एकच दाखवतेस? दुसरा?" दुसरा आला. "उलटा कर." उलटा केला. "हं. वहिनींच्या मागे बस, दुसरी वाटी त्यांची आहे." आणि नवल पाहा, ज्या लेकराने चार मोहिमा परतविल्या ते रांगेत बसले, आणि सरोजवहिनींची दुसरी वाटी संपेपर्यंत मान उंच करोन पाहत राहिले, आणि म्हणाले, "आता मी." कुमुदिनीबाईंनी अर्धी वाटी दिली. ना चोच ना नळी. रेवाराजांनी दोन्ही लाल हातांनी वाटी धरिली, वास घेतला, जिभेचे टोक बुडविले, थांबले. मग एक घोट, मग दुसरा, मग वाटी नाकापर्यंत चढली आणि डोळे वाटीच्या कडेवरोन सर्वांकडे. सरोजवहिनींचे हात टाळीस उचलले गेले, ते गार्गीबाईंनी मनगटांसकट वरच्या वर पकडिले. वाटी खाली आली, रिकामी. ओठांवर गुलाबी मिशी. "अजून."

"सुकले हात," कुमुदिनीबाई म्हणाल्या, वर न पाहताच. "काम कर, मग बघू." मग रेवाराजे कामास बसले. एका सालीत साखर भरावी, निम्मी सांडावी, थोडी चाटावी, बरणीत टाकावी, आणि हात दाखवावे, आणि अर्धी वाटी घ्यावी. मध्येच त्यांनी आईकडे पाहोन न्याय सांगितला, "आई, तुजे पांडरे. तुला नाही." "नाही ना," गार्गीबाई म्हणाल्या. मग त्यांनीही उघड्या हातांनी रातांबे घेतले, आणि रस नखांत शिरला, आणि हाताचे काम कसे ते त्यांस प्रथमच समजले, की पिकले फळ अंगठ्याने दाबिले तरी फाकते, विळीची गरजच नाही. परंतु त्यांचे हात लाल होईतो पातेल्यात चार घोट उरले होते, आणि ते कोणाचे याविषयी दरबारात वाद नव्हता. एक वाजेपर्यंत रेवाराजांच्या सात अर्ध्या वाट्या जाहल्या.

आता पोटात गेले हे खरे, परंतु वैद्यांची अट निराळी होती. दोन वाजता लंगोट ओला. गार्गीबाईंनी कुमुदिनीबाईंस दाखविला आणि दोघी त्याकडे ऐशा पाहत राहिल्या की जणो जरीचे वस्त्र. साडेतीनला दुसरा. मग उकाडा फार म्हणोन रेवाराजांनी लंगोट बांधू दिला नाही आणि तैसेच राज्यात संचार करू लागले, आणि गार्गीबाई मागोमाग, फडके हाती, चौथ्याची वाट पाहत, आणि पाच वाजले तरी चौथे वर्तमान येईना.

साडेपाचास पुष्करराव बँकेतून आले. पांढरा सदरा, इस्त्रीची विजार, घामेजलेले, मुख चिंताक्रांत, जिन्यातूनच विचारीत, "काय झालं? निघायचं का? रिक्षा थांबवू खाली?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी रेवाराजांस उचलोन छातीशी धरिले, आणि रेवाराजांनी बापाच्या गळ्यात हात घातले, आणि गळ्यात हात असतानाच जे व्हावयाचे ते जाहले, सदऱ्यावरोन, पट्ट्यावरोन, विजारीवरोन, बुटापर्यंत, पुष्कळ आणि सावकाश. "अरे! अरे!" पुष्करराव ओरडिले. आणि गार्गीबाई दोन्ही हात वर करोन ओरडिल्या, "झाली! आई, झाली!" आणि कुमुदिनीबाई आतून धावत आल्या आणि म्हणाल्या, "कुठं?" आणि पाहिले आणि म्हणाल्या, "देवा, पावलास रे!" आणि सरोजवहिनी जिन्यापलीकडोन टाळ्या वाजवू लागल्या, कारण आता टाळ्यांस मोकळीक होती. पुष्करराव मधोमध उभे, निथळत, आणि म्हणाले, "माझं अभिनंदन करताय की हिचं?"

मग गार्गीबाईंनी राजवैद्यांस फोन लाविला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळी एकदा, दुपारी दोनदा, आणि आत्ता एकदा यांच्या अंगावर." डॉक्टरांनी विचारिले, "शेवटची भरपूर होती का?" "यांना उभं करून दाखवू का?" तिकडोन हसण्याचा आवाज आला आणि मग शब्द आले, "नका आणू. देत राहा." फोन ठेविला. पुष्करराव न्हाणीघरात, रेवाराजे आजीच्या मांडीवर पेज भात खात, आणि गार्गीबाई स्वयंपाकघरात एकट्या. ओट्याशी उभ्या राहिल्या तो जीभ टाळ्यास चिकटलेली, ओठ फुटलेले, डोके जड. काय होते आहे ते क्षणभर कळेना. मग स्मरले, की सकाळपासोन आपण पाण्याचा घोट घेतलेला नाही.

येणेप्रमाणे वैशाख वद्य तृतीयेचे वर्तमान. ज्वर गेला, सलाईन टळले, बरणी सज्ज्यात उन्हास लागली, विजार धोब्याकडे गेली. गार्गीबाईंनी तांब्या उचलिला, आणि भांडे न घेता, बसण्याचीही वाट न पाहता, उभ्यानेच सगळा रिकामा केला. कळावे.